सरवा आणि हजेरीपट

समाजातील दैन्य निवारण्याचे काम कोणाचे, असा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतून दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, ‘सरकार झोपले आहे काय?’ आणि दुसरे, ‘सरकारने लोकांना फुकटाची सवय लावून ठेवली आहे.’ गंमत अशी की, पुष्कळदा ही दोन्ही उत्तरे एकाच मुखातून बाहेर पडतात. आपल्या गल्लीतील गटाराविषयी बोलताना पहिले, आणि शेजाऱ्याच्या शिधापत्रिकेविषयी बोलताना दुसरे. या वादाचा विचार हवेत करण्यात अर्थ नाही. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत तो फार पूर्वीपासून आणि फार गंभीरपणे केला गेला आहे, म्हणून तेथूनच आम्ही सुरुवात करतो.

१९४९ सालापर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच सातारा होता. पुढे उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या एका प्रदेशात निसर्गाने केलेली वाटणी पाहावी. महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो, आणि कित्येक वर्षी तोही नाही. कृष्णाकाठी ऊस आणि हळद, तर येरळेच्या पूर्वेला कुसळे. पाऊस पडला नाही यात कोणाचे पाप नाही. परंतु पाऊस न पडल्याने नेमके कोणी उपाशी राहायचे, हे मात्र माणसेच ठरवितात.

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली होती. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच कामांची आठवण आहे. पण सरकारची दृष्टी कोणती होती? रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली. माणूस कमीत कमी किती खर्चात जिवंत राहतो, याचा तो प्रयोगच म्हणावा लागेल. १८७७ साली मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्या अटींवर कामावर जाण्याचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाने अन्न नाकारावे, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. भूक मोठी खरी. पण अपमानही लहान नसतो.

पवित्र शास्त्रात या बाबतीत दोन चित्रे आहेत. एक योसेफाचे. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने कोठारे भरली आणि दुष्काळात मिसर देश जगविला. आपण ही कथा मुलांना सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. उत्पत्तीच्या पुस्तकात पुढे काय घडते, तेही वाचावे. धान्यासाठी लोकांनी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःलाच फारोच्या स्वाधीन केले. प्राण वाचले, स्वातंत्र्य गेले. दुसरे चित्र सरव्याचे. शेताच्या कडा कापू नयेत, हातून गळालेली कणसे परत वेचू नयेत, ती विधवेसाठी, अनाथासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्यावीत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. येथे शेतकऱ्याच्या दयेचा प्रश्न नाही. सरवा हा गरिबाचा हक्क आहे. शिवाय तो त्याला वाकून, घाम गाळून स्वतः वेचावा लागतो. कोणी त्याच्या ओंजळीत टाकत नाही.

आमच्या मते आधुनिक महाराष्ट्राने या सरव्याच्या नियमाला जे सर्वांत जवळचे रूप दिले, ते तासगाव तालुक्यातील विसापूर येथे जन्माला आले. वि. स. पागे हे त्या गावचे. गांधीविचारांचे, पुढे दीर्घकाळ राज्याच्या विधान परिषदेचे सभापती. ‘काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे बंधन असावे’ असा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली आपल्याच परिसरात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग सुरू झाला. १९७२ साली सरकारने रोजगार हमी योजना राज्यासाठी स्वीकारली, आणि त्याच वर्षी तो महाभयंकर दुष्काळ पडला. त्या धामधुमीत योजना बाजूला राहिली आणि सरसकट दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. आजच्या आजी-आजोबांना त्या दिवसांतला मिलो आणि सुकडी अजून आठवते. हाल झाले, जनावरे गेली, माणसांनी गावे सोडली. परंतु १८७६ साली झाला तसा मनुष्यसंहार झाला नाही. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याचे मर्म त्याच्या बारीकसारीक अटींत आहे. अकुशल अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण व्यक्तीस पंधरा दिवसांच्या आत काम द्यावयाचे. न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. तो भत्ता प्रारंभी दिवसाला अवघा १ रुपया होता. रक्कम हास्यास्पद, पण सरकार स्वतःच्या चुकीबद्दल गरिबाचे देणे लागते, हे तत्त्व त्या एका रुपयात होते. स्त्री-पुरुषांना कामाचा दर एकच. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, तान्ह्या मुलांची सोय. आणि गरजवंत कोण, हे ठरविण्यासाठी तलाठ्याच्या दाखल्याची गरज नाही, कारण ज्याच्या टोपलीत भाकरी आहे तो वैशाखाच्या उन्हात खडी फोडावयास जात नाही. फुकटाची सवय लागली म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट शांतपणे ध्यानात घ्यावी. प्रभू येशूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस कलेपर्यंत बाजारात उभे असलेल्यांना ‘का उभे’ एवढेच विचारले. कोणी कामावर लावले नाही, हे त्यांचे उत्तर त्याला पुरेसे वाटले.

पैसा कोठून आला, हेही पाहावे. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या धर्मग्रामांतील शिक्षक, परिचारिका, कारकून यांच्या पगारपत्रकावर तो दिसतो. ज्यांना पूर्ण दर लागू आहे त्यांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात. हा कर का बसला, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. मिशन रविवारी आपण झोळीत जे टाकतो ते आठवणीत राहते. पगारातून कापले जाते ते केवळ बोचते. तरीही नीतीच्या दृष्टीने हे दुसरे देणे हलके नव्हे. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा माणसाच्या घरची चूल त्यातून पेटावी, असा त्याचा मूळ हेतू होता. घेणाऱ्याला आपल्यापुढे मान लववावी लागत नाही, हा त्या दानाचा मोठाच गुण.

योजनेचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. खोट्या नावांचे हजेरीपट, मुकादमांची टक्केवारी, मोजमापातील लबाडी, महिनोन्महिने थकलेली मजुरी, हे सारे ग्रामीण महाराष्ट्राने पाहिले आहे. त्याहून खोल दोष आम्हाला दुसराच वाटतो. भूमिहीन बाईने माती वाहून पाझर तलाव बांधला. पाणी मात्र मुरले ते तलावाखालच्या जमीनदाराच्या विहिरीत. तिला दोन महिन्यांची मजुरी मिळाली, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे बागायत. सरकारने काम दिले, पण त्या कामाचे फळ कोणाचे, हा प्रश्न विचारलाच नाही.

तो प्रश्न लोकांनी विचारला. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी यांच्या दरम्यान येरळा नदीवर १९८० च्या दशकात ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले, ते गावकऱ्यांच्या पुढाकाराने आणि मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने. नदीतील वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करण्याची त्यांची कल्पना होती. सरकारी यंत्रणेने प्रथम अडथळेच आणले. पण त्या गावांनी असे ठरविले की पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसांच्या हिशेबाने वाटावयाचे, आणि भूमिहीनाचाही त्यात वाटा असावयाचा. इतके न्याय्य कलम मंत्रालयातून सहसा निघत नाही. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले, त्याचा अर्थ येरळेच्या पात्रात उभे राहिले की लगेच कळतो. जे लहान समूहाला करता येते ते मोठ्याने हिसकावून घेऊ नये. मोठ्याने साहाय्य करावे. मात्र याचा कोणी असा अर्थ लावू नये की सरकारने हात झटकावेत. बळीराजाच्या गावांनाही शेवटी सरकारची मान्यता लागली, तंत्रज्ञ लागले.

लोकांनी सगळेच हाती घेतले तर काय होते, याचाही धडा याच जिल्ह्यात आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावी न्यायनिवाडे झाले, सावकारीला आणि दारूला आळा बसला, कमी खर्चात लग्ने लागली. परकी सत्ता जे करीत नव्हती ते शेतकऱ्यांच्या पोरांनी करून दाखविले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण गुन्हेगारांच्या तळपायांवर काठ्या बसत. पायांना पत्री ठोकतात अशी वदंता पसरली आणि ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. त्या शिक्षेवर अपील कोठे करावयाचे? गाव दयाळू असते तसे क्रूरही असते, आणि गावाच्या रोषातून दुबळ्याला सोडविण्यासाठी गावाहून मोठा कायदा लागतो. आपण अल्पसंख्य आहोत. हे आपणास निराळे सांगावयास नको.

२००५ साली संसदेने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्याचे मूल्यमापन काळ करील. दरम्यान, २०२४ साली राज्यात ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. त्या पैशांतून औषध आणणाऱ्या, मुलाची वही घेणाऱ्या बाईला हसणाऱ्यांत आम्ही नाही. मनात येते ते एवढेच, की पागे यांच्या योजनेच्या नावात कोणतेही नाते नव्हते. ‘हमी’ हा रुक्ष शब्द होता. भावाची ओवाळणी ही भावाच्या खुशीवर असते, निवडणुकीच्या हंगामात वाढते आणि मग आटूही शकते. हमी मोडली तर मात्र कोर्टाची पायरी चढता येते. फारोच्या कोठाराकडे नेणारी वाट आणि सरव्याच्या शेताकडे नेणारी वाट येथेच फुटते.

आणि रूथची कथा नियमावर संपत नाही. बवाजाने तिला सरवा वेचू दिला, तेवढ्याने नियम पाळला गेला होता. तरी त्याने आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी गाळावयास सांगितली, आणि तिला कोणी धमकावू नये अशी ताकीद दिली. हे दुसरे काम कोणतेही सरकार करू शकत नाही. आपल्याकडे त्याचे रूप अगदी साधे आहे. कामाची मागणी लेखी द्यावी लागते आणि तारखेची पोच मागून घ्यावी लागते. पोच नसेल तर पंधरा दिवसांची मोजणी कोठून करावयाची? ज्या बाईला अक्षर येत नाही ती ग्रामपंचायतीच्या दारातून तशीच परतते. तिचा अर्ज लिहून द्यावयास आपल्या शिकलेल्या मुलामुलींना दहा मिनिटे लागतील, आणि तिच्याबरोबर कार्यालयात जाऊन पोच मिळेपर्यंत उभे राहावयास कदाचित अर्धा दिवस.