टाकीतलं तण

झेनिया नावाचा मऊ प्रवाळ पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा आधी मोबाईल काढतो. बोटभर देठ, टोकाला पिसांसारखी बोटं, आणि त्यांची मुठीसारखी सतत चाललेली उघडझाप. २०१३ साली इस्रायली संशोधकांनी दाखवलं, की या उघडझापीने भोवतालचं पाणी ढवळलं जातं आणि प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला प्रकाशसंश्लेषण जास्त चांगलं जमतं. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या नवशिक्याला हा प्रवाळ आवडतो, कारण तो सहज जगतो.

पुढे त्रास होतो तोही याच गुणाचा. झेनिया खडकावरून सरकत जातो, काचेवर चढतो. हिरवा स्टार पॉलिप चटईसारखा अंथरला जातो. केनिया ट्री स्वतःच्या फांद्या गाळतो आणि त्या पडतील तिथे रुजतात. हळू वाढणारे कठीण प्रवाळ त्यांच्या सावलीत गुदमरतात. शिवाय बरेच मऊ प्रवाळ पाण्यात अशी रसायनं सोडतात, की शेजाऱ्याची वाढ खुंटते. मग मालक खरवडायला बसतो, चुन्याची घट्ट पेस्ट सुईने टोचतो, नाहीतर अख्खा खडकच बाहेर काढतो.

ज्या गुणासाठी विकत आणलं, त्याच गुणासाठी मारायचं, हे न्याय्य आहे का?

शेतकरीही खुरपणी करतो. पण तणाने पीक खाल्लं तर त्याच्या घरी धान्य येत नाही. आपल्या टाकीत कुणाच्याच पोटाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आपल्याला काय बघायला आवडतं याचा. प्रवाळाला मेंदू नसतो, मज्जातंतूंचं साधं जाळं असतं. त्याला आपल्यासारख्या वेदना होत असतील असं मानायला फारसा आधार नाही. तरीही निव्वळ आवडीसाठी एक जिवंत गोष्ट संपवताना हात थोडा अडखळावा, हे मला निरोगीपणाचं लक्षण वाटतं.

अडखळलेला हात मागे घेणं मात्र वेगळं. ‘निसर्ग बघून घेईल’ असं म्हणून सोडून देणाऱ्याने आधी सांगावं, की त्या काचेच्या पेटीत निसर्ग कुठे आहे. समुद्रात लाटा असतात, वादळं असतात, खाणारे जीव असतात, अन्नाची टंचाई असते. टाकीत दिवस बटणावर उगवतो आणि माशांना जास्त टाकलेल्या खाद्याचं खत होतं. तिथलं वादळ तुम्ही, शिकारी तुम्ही, दुष्काळही तुम्हीच. काहीच केलं नाही, तर तुम्ही भरभर वाढणाऱ्याच्या बाजूने आणि हळू वाढणाऱ्याच्या विरुद्ध निकाल दिलेला असतो.

सगळ्यात फसवी असते ती दया. मारवत नाही, म्हणून समुद्रात सोडून येणं. झेनियाच्या कुळातली युनोमिया ही जात मूळची हिंदी-प्रशांत महासागराची. आज ती व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर प्रवाळ आणि सागरी गवत झाकत पसरते आहे. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती तिथे पोचली असावी, असं संशोधक मानतात. समुद्रात सोडणाऱ्याला ते जीवदान वाटलं असेल. त्याची किंमत त्याने कधीही न पाहिलेल्या जिवांनी भरली. आपल्या नजरेआड झालेली हानी ही कमी झालेली हानी नसते.

म्हणून जास्तीचा प्रवाळ काढावा, आणि काढताना आपण काय करतो आहोत हे स्वतःशी कबूल करावं. दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचा असेल, तर तो कसा पसरतो हे सांगून द्यावा. झोअँथिड असलेला खडक मात्र कधीही उकळू नये: त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि त्याच्या वाफेने घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडल्या आहेत.

पण चाकू हातात घेण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं. झेनियाचा खडक पहिल्या दिवशीच वाळूत, बाकीच्या खडकांपासून दूर बेटासारखा ठेवला, तर पुढची बरीचशी कत्तल टळते. दुकानात आपण विचारतो, ‘हा जगेल ना?’ त्याच दमात दुसरा प्रश्नही विचारायला हवा: जगला, वाढला, तर याला जागा कुठे देणार? त्याचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर त्याला घरी आणायचा हक्कही अजून आपल्याला मिळालेला नाही.