कष्टाचं अंग, नाचाचं अंग

साक्री तालुक्यात दवाखान्याबाहेर बसलेल्या बाया एकमेकींना सांगतात तो सल्ला ठरलेला असतो : डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, हालचाल ठेवा. सल्ला शास्त्राला धरून आहे. पण तो घडला आहे खुर्चीत दिवस घालवणाऱ्या माणसासाठी. पिंपळनेरच्या पुढे भाताच्या चिखलात दिवसभर वाकलेली, कांद्याची लागवड करून आलेली, हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जाणारी बाई आणखी कुठली हालचाल ठेवणार?

इथे आपण एक गोष्ट सहज विसरतो. राबण्यात अंग हलतं, पण ते स्वतःच्या मर्जीनं हलत नाही. किती वाकायचं, किती भरभर, थांबायचं कधी, हे ओळ ठरवते, मुकादम ठरवतो, पाऊस ठरवतो. एकाच बाजूला कंबर, एकच मनगट, तासन्‌तास. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीतून 2021 मध्ये आंद्रेआस होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फावल्या वेळातल्या हालचालीबरोबर हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होताना दिसतो, तर कामातल्या जड श्रमांबरोबर तो वाढताना दिसतो. डेन्मार्कचा कामगार आणि साक्रीची शेतमजूर यांच्यात अंतर फार आहे, हे मान्य. तरी निष्कर्षाचा रोख आपल्या अनुभवाशी जुळतो. घाम दोन्हीकडे येतो. पण घामामागे विसावा आहे का आणि वेग कुणाच्या हातात आहे, यावर शरीराचं बरंवाईट अवलंबून असतं.

मग या मातीत स्वतःच्या मर्जीची हालचाल कुठे होती? मला तिची दोन ठिकाणं दिसतात.

पहिलं कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. भाऊबंद एका घरी जमतात, रोट होतात, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी नदीवर विसर्जन. त्या मिरवणुकीत एरवी चार माणसांत मान वर न करणाऱ्या सासुरवाशिणी भर रस्त्यात नाचतात, फुगड्या घालतात. सासूही नाचते. एरवी वाकून झिजलेली पाठ इथे ताठ होते, हात डोक्याच्या वर जातात, पाय हवा तिथे पडतो. कांद्याच्या वाफ्यात हे तीनही घडत नाही. हा नाच मला व्यायामाहून मोठा वाटतो, कारण त्यात बाईला तिचं अंग परत मिळतं.

दुसरं ठिकाण पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातलं. मार्गशीर्षात कोकणा, भिल्ल, मावची समाजांत डोंगऱ्यादेवाचं व्रत चालतं. व्रत धरलेले लोक, त्यांना माऊल्या म्हणतात, नेम पाळतात, पावरीच्या सुरावर फेर धरतात आणि पौर्णिमेला डोंगरावरच्या देवस्थानी पोचतात. पाऊल ठरलेलं, फेर गोल, रात्र मोठी. तिथे कुणीही आरोग्यासाठी नाचत नाही. नाचायचं ते गावाच्या, पिकाच्या, गुरांच्या भल्यासाठी, आणि फेरात प्रत्येकाची जागा असते. मला वाटतं, या नाचाचा खरा आधार इथेच आहे. एकट्यानं चटईवर केलेला व्यायाम कंटाळा आला की सुटतो. फेरातला माणूस उद्या आला नाही तर दुसरा विचारतो.

सोबतीनं नाचण्याचं हे बळ संशोधनातही दिसतं. ब्राझीलमध्ये किशोरवयीन मुलामुलींवर ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात (2015) एका तालात नाचणाऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली, एकमेकांविषयीची जवळीकही वाढली. श्रमाचा परिणाम स्वतंत्र होता, तालाचा स्वतंत्र. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाहिलेल्या शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. अर्थात ज्यांचं डोकं मुळातच शाबूत होतं तेच नाचत राहिले असतील, ही शंका उरतेच. चीनच्या ताई चीबद्दलचा पुरावा अधिक नेमका आहे. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेण्याच्या त्या सरावानं पार्किन्सन्सच्या रुग्णांचा तोल सुधारतो, पडणं कमी होतं. 2012 मध्ये फुझोंग ली यांच्या चाचणीनं हे दाखवलं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांना घेऊन नाचाचे वर्ग चालवले. गोठलेलं पाऊल तालावर उचललं जातं, हे त्या आजाराची माणसं सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतं.

पण वर्षातून एकदा आलेली कानबाई वर्षभर पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली करायला सांगते. शिवाय आता मिरवणुकीत डीजे आला. त्याच्या आवाजात छातीत धडधडतं, म्हाताऱ्या बाया कडेला सरकतात आणि जिला नाचाची सर्वांत जास्त गरज आहे तीच प्रेक्षक होते. हे मला बोचतं. डोंगऱ्यादेवाच्या फेरातही प्रामुख्यानं पुरुषच असतात.

आरोग्य उपकेंद्रांमध्ये आता योगाचे वर्ग भरतात. ते राहोत. पण तिथेच आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, डीजेविना, कानबाईच्याच गाण्यांवर सावकाश फेर धरता येईल. जिचे गुडघे गेलेत तिला खुर्चीवर बसून हातांचा नाच. चक्कर येत असेल तर आधी तपासणी. आशाताईंना हे शिकवायला बाहेरून कुणी लागणार नाही, गाणी त्यांना पाठ आहेत. अडचण वेगळी आहे. संध्याकाळी बाई शेतातून येते तेव्हा पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते. तो अर्धा तास घरातल्या कुण्या पुरुषानं स्वतःकडे घेतल्याशिवाय ती उपकेंद्राची पायरी चढणार नाही, आणि ही बोलणी ग्रामसभेत पुरुषांसमोरच व्हायला हवीत.