वांचलेला वेळ कोणाचा?

दुसऱ्याच्या मनांतील दुःख मोजतां येतें काय, असें कोणीं विचारलें तर आपल्यापैकीं बहुतेकांस तो प्रश्न प्रथम थोडा अशिष्टच वाटतो. ज्वर मोजावा, रक्तदाब मोजावा, शेतांतला पाऊस मोजावा. परंतु जिच्या ओझ्याखालीं माणूस जगणेंच नाकारूं लागतो ती उदासी कोणत्या तराजूंत घालावयाची? तरी वैद्यकास तें केल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि आज तें संगणकाच्या साहाय्यानें होऊं लागलें आहे. यंत्राला दुःख काय कळणार, हा आक्षेप लगेच सुचतो. पण तो फारसा खोल नाहीं. थर्मामीटरलाही ताप कळत नसतो.

शिकागो विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट गिबन्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ मध्यें विषादमापनाची जी पद्धति प्रसिद्ध केली, तिच्यापाशीं ३८९ प्रश्नांचा सांठा आहे. परंतु एका माणसास त्यांतले सरासरी १२ च विचारले जातात. पहिल्या उत्तरावरून दुसरा प्रश्न ठरतो, दुसऱ्यावरून तिसरा. उत्तर गंभीर आलें कीं त्याहून गंभीर प्रश्न निघतो, सौम्य आलें कीं सौम्य. आणि अंदाजांतील अनिश्चितता ठराविक मर्यादेखालीं गेली कीं यंत्र थांबतें. परदेशीं शिकावयास जाणारीं आपल्या घरचीं मुलें जी जीमॅट परीक्षा देतात, तिचा पाया हाच. या १२ उत्तरांचा निष्कर्ष सर्व ३८९ उत्तरांच्या निष्कर्षाशीं इतका जुळला कीं सहसंबंध ०.९५ भरला. पुढें आत्महत्येचा धोका मोजण्यासाठींही याच रीतीचें साधन तयार झालें. यांत एक लाभ आणखी आहे. माणसासमोर जें ओठांवर येत नाहीं तें यंत्रासमोर येतें. १९७३ मध्यें अमेरिकेंत ग्रेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आत्महत्येच्या धोक्याविषयीं संगणकाकरवीं रुग्णांस प्रश्न विचारले, तेव्हां बऱ्याच रुग्णांस डॉक्टरांपेक्षां संगणकच बरा वाटला होता. लाजेचा भार हलका होत असेल तर यंत्रास आमचा नमस्कार आहे.

अडचण पुढें आहे, आणि तिचें पहिलें रूप भाषेचें. जामखेड-पाथर्डीकडील बाई ‘मी विषण्ण आहें’ असें म्हणणार नाहीं. ती म्हणेल, ‘कशांत मन लागत नाहीं’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’. उलटपक्षीं ‘जीव नकोसा झाला’ हें वाक्य वैशाखांत प्रत्येक घरीं दिवसांतून दोनदां ऐकूं येतें, आणि ‘मरण तरी यावें एकदां’ असें पोरांवर वैतागलेली आई सहज बोलून जाते. इंग्रजींत जो प्रश्न धोक्याची घंटा ठरतो, तोच मराठींत उन्हाळ्याचा सुस्कारा ठरूं शकतो. रडण्याच्या प्रश्नाचेंही तेंच. ज्या पुरुषास लहानपणापासून रडूं नको असें बजावलें आहे, त्याचें ‘कधींच नाहीं’ हें उत्तर कशाचें माप? म्हणून प्रश्नांचें नुसतें भाषांतर पुरत नाहीं. प्रत्येक प्रश्नाचें वजन या लोकांत, या बोलींत नव्यानें ठरवावें लागतें.

दुसरी अडचण गणिताची. दहा हजार माणसांत दहाजण खरोखर धोक्यांत आहेत असें समजूं, आणि शंभरांत नव्वद वेळां बरोबर सांगणारें साधन आपल्यापाशीं आहे असेंही धरूं. तें दहांतले नऊ ओळखील. पण त्यांच्यासह सुमारें एक हजार निर्धोक माणसांकडेही बोट दाखवील, आणि एकजण सुटेल तो सुटेलच. तेव्हां अंक हातीं आल्यानें निकाल लागत नाहीं. त्या हजारांपाशीं कोणीतरी जाऊन बसावें लागतें.

आमचा खरा प्रश्न येथें सुरू होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत, विषादानें ग्रस्त असलेल्या शंभरांपैकीं सुमारें ८५ जणांस उपचार मिळत नाहींत असें आढळलें. अशा देशांत कोणास ‘मरावेंसें वाटतें काय?’ असें विचारून, ‘होय’ हें उत्तर टिपून घेऊन निघून जाणें, हें आम्हांस विश्वासघातासारखें वाटतें. ज्यानें तें उत्तर दिलें त्यानें आपल्यापाशीं कांहीं ठेव ठेविली. मग विचारूंच नये काय? तसेंही नाहीं. विचारल्यानें मनांत नसलेला विचार पेरला जातो ही भीति अभ्यासांत खरी ठरलेली नाहीं; न विचारणें हीच बहुधा आपली सोय असते.

या कोंडींत आम्हांस आठवण होते ती जामखेडची. अहमदनगर जिल्ह्यांतल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) या दुष्काळी तालुक्यांत १९७० मध्यें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. १९७९ मध्यें त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनीं आरोग्यसेविका निवडल्या त्या गांवच्याच बायकांतून. कित्येक निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. त्याही मापें घेत, बालकांचीं वजनें करीत. पण ज्या बाईनें आज पोराचें वजन कमी भरलेलें पाहिलें, तिलाच उद्यां त्याची आई पाणवठ्यावर भेटावयाची होती. तिचें माप तिच्या गळ्यांत पडत असे. यंत्राच्या गळ्यांत कांहींच पडत नाहीं. म्हणून त्याच्यामागें असें कोणीतरी उभें असलें पाहिजे. ३८९ ऐवजीं १२ प्रश्न विचारून जो वेळ वांचतो, तो कार्यालयाचा नव्हे; उत्तर देणाऱ्यापाशीं बसण्यासाठीं वांचलेला आहे. जेथें असें बसणारें कोणी नेमलेलें नाहीं, तेथें हें साधन पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. २०२२ पासून सरकारचा ‘टेलीमानस’ दूरध्वनि १४४१६ या क्रमांकावर मराठींतही बोलतो. त्याचा आधार मोठा आहे, परंतु रात्रीं शेजारीं बसणें दूरध्वनीस साधत नाहीं.

आणि निकाल सांगावयाचा कोणास? सुनेचा अंक सासूस, मुलाचा बापास कळवावा काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि जिवास धोका असल्यास तो बाजूस ठेवण्याची वाटही ठेविली आहे. पण ज्या घरांत दुःखाचें मूळच घरांत असतें, तेथें घरच्यांस सांगणें हा उपाय कीं नवा घाव, हें कोणतें कलम ठरवीत नाहीं. तें त्या बाईलाच प्रथम विचारावें लागतें: तुझ्या मनांतलें कोणास कळलें तर तुला बरें वाटेल? हा तेरावा प्रश्न त्या ३८९ मध्यें नसला, तरी तो विचारल्यावांचून उठूं नये.