तकदीर आणि चौकशी

१० जुलै २००६ रोजी सायंकाळी श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही अग्निबाण इन्सॅट-४सी हा दोन टनांहून अधिक वजनाचा दळणवळण उपग्रह घेऊन झेपावला. घराघरांतील डिश अँटेनापर्यंत दूरचित्रवाणी पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम होते. परंतु चार जोड-इंजिनांपैकी एकाचे बळ हरपले, अग्निबाण मार्गावरून ढळला आणि दीर्घ परिश्रमांचे फळ बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले.

अशा प्रसंगी ‘तकदीरमध्ये असेच होते’ असे म्हणून स्वस्थ बसावे, की कारण शोधावे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. हिताच्या गोष्टीसाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी, आणि हानी झालीच तर ‘जर असे केले असते तर’ असे म्हणत बसू नये. कारण हा ‘जर’ सैतानाला वाट मोकळी करून देतो. मग कारण शोधणेही निषिद्ध ठरते काय? मुळीच नाही. निषेध आहे तो गतकाळाशी भांडणाऱ्या ‘जर’चा, उद्याची तयारी करणाऱ्या विचाराचा नव्हे. ज्यांनी तवक्कुल शिकवला, त्यांनीच आधी उंट बांधण्यास सांगितले.

चौकशी समितीला दोष सापडला: इंधनप्रवाहावर नियंत्रण ठेवणाऱ्या एका भागात घडणीच्या वेळीच चूक झाली होती आणि ती तपासणीतून निसटली होती. दुसरा उपग्रह सिद्ध झाला आणि २ सप्टेंबर २००७ रोजी जीएसएलव्हीनेच इन्सॅट-४सीआर अवकाशात पोहोचवला.

हा विवेक केवळ शास्त्रज्ञांसाठी नाही. उमेळे-नायगाव पट्ट्यातील मिठागरांचेच पाहा. अवकाळी पाऊस तयार मीठ विरघळवतो. पाऊस रोखणे माणसाच्या हाती नाही. मीठ वेळेवर उचलणे, झाकणे आणि बांध मजबूत ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे. जे हाती नाही तेथे सब्र, जे हाती आहे तेथे जबाबदारी. स्वतःची हयगय तकदीरच्या नावावर खपवणे म्हणजे आपला दोष अल्लाहवर ढकलणे होय.

म्हणून घरात मुलगा परीक्षेत नापास झाला किंवा धंदा बुडाला, तर वर्षानुवर्षे टोचून बोलू नका आणि ‘नशीब’ म्हणून विषय संपवूही नका. शांतपणे विचारा: चुकले कुठे, आता करायचे काय?

अल्लाह आपल्याला सब्र आणि सद्बुद्धी दोन्ही देवो. आमीन.