नजर तयार होताना



डोंबिवलीहून रोज सकाळची लोकल पकडून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जाणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. 1857 साली सुरू झालेल्या त्या संस्थेत तो रेषा शिकतो, रंग शिकतो. पण त्याचा पहिला तास भरतो स्टेशनबाहेर, गजरेवालीच्या टोपलीपाशी. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये दोऱ्याचा फास. न मोजताही अंतर अगदी सारखं!

पुढे धीम्या गाडीच्या खिडकीतून मुंब्र्याचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात हिरव्या उतारावरून पांढऱ्या धारा उतरतात. एका हिरव्यात किती हिरवे असतात, ते तिथे कळतं.

रविवारी तो वही घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी बसतो. तिथल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा काळ कोरलेला आहे. मंदिराची भिंत सपाट नाही, ती कोनाकोनांनी मागेपुढे होते. ऊन सरकतं तशी सावली सरकते आणि काळा दगड जिवंत होतो. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांनी उन्हालाही कामाला लावलं होतं!

कला हातात येण्याआधी डोळ्यांत येते. त्यासाठी पैसा लागत नाही, थोडं थांबावं लागतं. आज घराबाहेर पडाल, तेव्हा रोजच्या वाटेवरची एक तरी गोष्ट नीट पाहा. तिथेच आनंद आपली वाट पाहत उभा असतो.