उतारा

गोंदियाच्या राईस मिलात हिशोब सरळ. सरकारी धान भरडायला आलं की शंभर किलोला 67 किलो तांदूळ मोजून परत द्यायचा. याला उतारा म्हणतात. फाटकातून धानाचे किती ट्रक आत आले, यावर मिलची लायकी कुणी ठरवत नाही. मग आरोग्य केंद्राची का ठरवता?

तिथं वही मोजतात. पेशंट आले किती, गोळ्या गेल्या किती. बरे झाले किती? आणि जे आलेच नाहीत ते?

माझ्या बहिणीचे सांधे ठणकायचे. माय मजुरी बुडवून तिला केंद्रात न्यायची. दर खेपेला दुखण्याची गोळी. वहीत चारदा 'उपचार केला'. रक्त कुणी तपासलं नाही. पाचव्या खेपेला नव्या सिस्टरनं बोटातून थेंब घेतला. मग मोठी तपासणी झाली. सिकलसेल निघाला. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा. आईबाप दोघंही वाहक असले तर दर लेकराला चारात एक धोका. विदर्भात हे दुखणं आमच्या नि आदिवासींच्या वस्त्यांत जास्त. माय म्हणाली, "जनमभर लोकाईचं धान इळ्यानं कापलं. तो इळा पोरीच्या रगतात काहून गेला?"

दोस्तांनो, याला डॉक्टरकडं उत्तर नाही. हा न्यायाचा सवाल आहे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे भोर समितीनं 1946 सालीच सांगितलं. कागदावर सपाटीला 30,000 लोकांमागे, डोंगरी-आदिवासी मुलखात 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशनही निघालं. चांगलंच झालं. पण फुकटची गोळी आमाला फुकट पडत नाही. एक दिवसाची मजुरी देऊन आमी ती घेतो.

शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी हिशोब दुसऱ्या टोकाकडून मांडला. 39 गावांत घरोघरचे जन्म-मरण मोजले, गावच्याच बायांना शिकवून तान्ही बाळं घरीच सांभाळली. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ते छापूनही आलं. केंद्रात बसून वाट पाहिली असती तर ती मेलेली बाळं कुठल्याच वहीत आली नसती.

म्हणून पुढल्या ग्रामसभेत आपण एवढंच विचारायचं: टोलीतली किती घरं तपासायची राहिली? आणि काहून राहिली? उत्तर वहीत नसलं, तर ती वही नुसती तूस.