शरणागत मुका जीव आणि ममत्व

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी पारध्यांपासून सशाचे रक्षण केल्याची लीळा सर्वश्रुत आहे. पुढे स्वामींनी तो ससा मोकळा सोडला, या उत्तरार्धाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. रान हेच सशाचे घर. म्हणून तेवढ्याने अभय पूर्ण झाले. बीड जिल्ह्यातील तागडगावच्या सर्पराज्ञी केंद्रातही जखमी वन्य जीव बरा होताच निसर्गात सोडतात.

परंतु अंबाजोगाईत योगेश्वरीच्या वाटेवर कोणी टाकून दिलेले कुत्र्याचे पिलू कोठे सोडावे? कुत्र्याला सहस्रावधी वर्षांपूर्वी मनुष्यानेच रानातून दारी आणले. आता ते दार हेच त्याचे रान. २०२३ च्या नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण करून भटके कुत्रे मूळ जागी सोडतात. त्याने त्याला गल्ली मिळते, घर नव्हे.

येथे कोणी शंका घेईल की, निवाऱ्यातील कुत्रे-मांजर घरी आणणे म्हणजे ममत्व वाढविणे नव्हे काय? अनुसरलेल्या भिक्षूस ते बाधकच. नित्य अटन हा ज्याचा आचार, त्याने दारी जीव बांधू नये. (त्याला दारच नाही!) वासनिकाचे तसे नाही. त्याच्या ममत्वाची परीक्षा निवड करतानाच होते. गोजिरवाणे, जातिवंत पिलू शोधणारा बहुधा स्वतःचे सुख शोधतो. म्हातारे, लंगडे जनावर नेणारा त्या जीवासाठी नेतो. पुढे दहा-बारा वर्षांची भाकर, रेबीजची लस, आजारपण हे सारे त्याच्याकडे येते. ऋद्धपूरच्या यात्रेस निघताना जो त्याला रस्त्यावर सोडून जातो, त्याने दिलेले अभय परत घेतलेले असते.